मेरुरज्जूची इजा आणि पुरुषाची प्रजननक्षमता

मेरुरज्जूला इजा झाल्यानंतर पुरुषाच्या प्रजनन संस्थेत होणारे बदल आणि त्यानंतरही पितृत्व शक्य करणारे उपाय यांचा विचार या लेखात केला आहे. मेंदूपासून निघून पाठीच्या कण्याच्या पोकळीतून खाली उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड दोरीला मेरुरज्जू म्हणतात. ही दोरी दुखावली की इजेच्या खालच्या भागातील हालचाल व संवेदना अंशतः किंवा पूर्णतः जाते. केवळ पाय लुळे पडले तर त्या अवस्थेला पॅराप्लेजिया आणि इजा मानेत होऊन हातही निकामी झाले तर क्वाड्रिप्लेजिया असे म्हणतात.

कमरेखालचे अंग गेलेल्या पुरुषाला मूल होणे शक्य नाही, असा समज समाजात सर्वत्र आढळतो. खुद्द रुग्णही तो सहज मान्य करतो. शरीरशास्त्र मात्र या समजाला आधार देत नाही. शुक्राणू तयार करण्याचे काम मुख्यतः संप्रेरकांच्या नियंत्रणाखाली चालते आणि इजेनंतरही ते बहुतेक पुरुषांत चालू राहते. इजेमुळे बिघडते ती वीर्य शरीराबाहेर आणणारी मज्जातंतूंची व्यवस्था, आणि काही प्रमाणात वीर्याची गुणवत्ता. या दोन्ही अडचणींवर आज उपाय उपलब्ध आहेत.

खडकी आणि मेरुरज्जूचे रुग्ण

पुणे शहराला लागून असलेली खडकीची छावणी ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेल्या इंग्रज-पेशवे लढाईमुळे इतिहासात परिचित आहे. जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाशीही या गावाचे जुने नाते आहे. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देण्यासाठी मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीत आली. १९७४ साली येथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर स्थापन झाले. सैन्यदलात असताना मेरुरज्जूला इजा झालेल्या जवानांचे हे पुनर्वसन केंद्र आहे. व्हीलचेअरवरील खेळ आणि तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे निवासी यांमुळे पुणेकरांना ते ठाऊक असते.

अशा केंद्रांत येणारे रुग्ण प्रामुख्याने तरुण असतात. गोळी लागणे, सुरुंगाचा स्फोट, वाहनाचा अपघात, उंचावरून कोसळणे ही सैनिकांमधील कारणे. नागरी जीवनात रस्ते अपघातांखालोखाल, किंबहुना ग्रामीण भागात त्यांच्याही आधी, झाडावरून, छपरावरून, विहिरीत किंवा बांधकामाच्या परातीवरून पडणे ही कारणे येतात. जगभर या रुग्णांत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक असते. ज्या वयात लग्न व्हायचे असते किंवा नुकतेच झालेले असते, त्याच वयात ही इजा होते. त्यामुळे पितृत्वाचा प्रश्न येथे दुय्यम ठरत नाही. ‘पुन्हा चालता येईल का’ हे रुग्ण पहिल्याच आठवड्यात विचारतो. मुलाबाळांविषयीचा प्रश्न तो संकोचाने वर्षानुवर्षे मनात ठेवतो, आणि कोणी आपणहून उत्तर दिले नाही तर उत्तर नकारार्थीच आहे असे गृहीत धरतो.

शुक्राणूंची निर्मिती

पुरुषाचे दोन वृषण उदरपोकळीच्या बाहेर, वृषणकोश या त्वचेच्या पिशवीत असतात. शुक्राणूंच्या निर्मितीला शरीराच्या अंतर्गत तापमानापेक्षा सुमारे २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमान अनुकूल असते, म्हणून ही बाहेरची जागा. वृषणाच्या आत अत्यंत बारीक, वेटोळ्यांच्या नलिका दाटीने भरलेल्या असतात. त्यांच्या भिंतीतील मूळ पेशींपासून शेपटीवाला शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. तेथून शुक्राणू अधिवृषणात जातात. अधिवृषण ही वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटलेली, गुंडाळी सोडवली तर सुमारे सहा मीटर भरेल एवढी लांब नळी आहे. तिच्यातून जाताना शुक्राणूंना पोहण्याची आणि बीजांडाला भेदण्याची क्षमता येते.

पुढचा मार्ग शुक्रवाहिनीचा. ती जांघेतून वर चढून मूत्राशयाच्या मागे पोहोचते. तेथे शुक्राशयांचा स्राव आणि पुढे प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव मिळून वीर्य तयार होते. वीर्याचा बहुतांश भाग या दोन स्रावांचाच असतो. शुक्राणूंचा वाटा आकारमानाने अवघा काही टक्के भरतो. ही गोष्ट सामान्यतः केवळ माहितीपुरती ठरते, परंतु मेरुरज्जूच्या रुग्णांत तिला विशेष महत्त्व येते. त्याचा खुलासा पुढे केला आहे.

या कारखान्याला हुकूम देते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी. तिच्यातून स्रवणारे एक संप्रेरक वृषणातील लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन तयार करण्यास उद्युक्त करते, तर दुसरे नलिकांमधील सर्टोली पेशींमार्फत शुक्राणूंच्या वाढीला आधार देते. ही संप्रेरके रक्तातून प्रवास करतात. मेरुरज्जू पूर्ण तुटला तरी रक्ताभिसरण चालूच असते, म्हणून हा हुकूम वृषणापर्यंत पोहोचतो. काही रुग्णांत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण कमी आढळते, त्यामुळे त्याची रक्ततपासणी करून घेणे योग्य ठरते. पण शुक्राणूंची निर्मिती थांबणे हा इजेचा नेहमीचा परिणाम नाही.

वीर्याचा उगम मेंदूत असून ते कण्यातील मज्जेतून खाली उतरते, अशी कल्पना प्राचीन ग्रीक वैद्यकात होती. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या एका चित्रात कण्यापासून शिश्नापर्यंत येणारी एक काल्पनिक नळीही दाखवली आहे. अशी नळी नसते. तरीही पाठीचा कणा आणि पुरुषत्व यांची जी सांगड बोलीभाषेत घातली जाते, तिच्यामागे याच जातीची समजूत असते, आणि ‘कणा मोडला म्हणजे सगळे संपले’ असा निष्कर्ष तीतूनच निघतो.

मज्जातंतूंची व्यवस्था

ताठरता, वीर्य मूत्रमार्गात येणे आणि वीर्य बाहेर फेकले जाणे या तीन वेगवेगळ्या क्रिया आहेत. मेरुरज्जूच्या वेगवेगळ्या खंडांतून त्यांचे नियंत्रण होते. एकाच व्यक्तीत एक क्रिया शाबूत आणि दुसरी गेलेली असू शकते, याचे कारण हेच.

ताठरता दोन मार्गांनी येते. स्पर्शाने येणारी ताठरता ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचे केंद्र मेरुरज्जूच्या तळाच्या भागात, त्रिक खंड २ ते ४ मध्ये असते. स्पर्शाचा संदेश तेथे पोहोचतो आणि मेंदूला न विचारता परतीचा संदेश शिश्नातील रक्तवाहिन्यांना जातो. कल्पनेने, दृष्टीने किंवा आठवणीने येणारी ताठरता मात्र मेंदूतून सुरू होते व प्रामुख्याने छातीच्या शेवटच्या आणि कटिभागाच्या वरच्या खंडांतून बाहेर पडते. म्हणून मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात इजा झालेल्या पुरुषाला स्पर्शाने ताठरता येते, पण केवळ मनात विचार आणून येत नाही. कधी कपडे बदलताना वा कॅथेटर घालताना ती अनाहूतपणे येते आणि रुग्ण ओशाळतो. शुश्रूषा करणाऱ्यांनी ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. तळाचे खंडच नष्ट झालेल्या रुग्णात याच्या उलट स्थिती दिसते.

स्खलनाचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात छातीच्या १०व्या ते कटिभागाच्या २ऱ्या खंडातून निघालेल्या अनुकंपी मज्जातंतूंमुळे शुक्रवाहिन्या व शुक्राशय आकुंचन पावतात, वीर्य मूत्रमार्गाच्या मागच्या भागात जमते, आणि त्याच वेळी मूत्राशयाचे तोंड आवळले जाते. दुसऱ्या टप्प्यात त्रिक खंडांतून येणाऱ्या मज्जातंतूंमुळे शिश्नाच्या मुळाशी असलेले स्नायू ठेक्यात आकुंचन पावून वीर्य बाहेर ढकलतात. मूत्राशयाचे तोंड आवळले गेले नाही तर वीर्य पुढे येण्याऐवजी मूत्राशयात शिरते. याला प्रतिगामी स्खलन म्हणतात. या सर्व हालचालींचा मेळ घालणारा पेशींचा एक समूह कटिभागातील मेरुरज्जूत असल्याचे २००२ साली उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवण्यात आले. मनुष्यातही तशाच केंद्राचे पुरावे नंतर मिळाले.

एवढी गुंतागुंतीची साखळी वरून येणाऱ्या संदेशांशिवाय आपोआप चालू होणे अवघड असते. मेरुरज्जू पूर्णपणे तुटलेल्या पुरुषांपैकी दहांत जेमतेम एकाला मदतीवाचून स्खलन साधते. ताठरता शाबूत राहण्याचे प्रमाण यापेक्षा पुष्कळ अधिक आहे.

मणका आणि खंड यांतील फरक

रुग्णाच्या कागदपत्रांवर ‘डी-१२’, ‘एल-१’ अशा खुणा असतात. भारतात छातीच्या मणक्यांसाठी ‘डी’ हे अक्षर रूढ आहे. परदेशी पुस्तकांत त्याच ठिकाणी ‘टी’ असते. ही खूण बहुधा मोडलेल्या हाडाची असते, मज्जातंतूच्या खंडाची नव्हे, आणि या दोहोंची गल्लत झाल्यास चुकीचा अंदाज बांधला जातो.

प्रौढ माणसात मेरुरज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. तो कटिभागाच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि पुढे नुसत्या मज्जातंतूंचा झुपका उतरतो. त्यामुळे मेरुरज्जूचे खालचे सगळे खंड डी-११ ते एल-१ या थोड्या मणक्यांच्या मागे दाटीने बसलेले असतात. उंचावरून पडणाऱ्या माणसाचा कणा नेमका याच सांध्यावर मोडण्याची शक्यता फार असते. म्हणजे माडावरून पडून एल-१ मणका चिरडलेल्या माणसात त्रिक खंडच सापडलेले असू शकतात, आणि त्याची प्रतिक्षिप्त ताठरताही जाऊ शकते. उलट, डी-४ पाशी गोळी लागलेल्या जवानाची इजा वरची आणि दिसायला अधिक गंभीर असली तरी खालची केंद्रे शाबूत असल्याने त्याच्याकडून वीर्य मिळवणे सोपे जाते. प्रजननाच्या बाबतीत इजा जितकी खाली तितकी बरी, हा हिशेब लागू पडत नाही.

खालची केंद्रे जिवंत आहेत का, हे डॉक्टर साध्या तपासणीने पाहतात. शिश्नाग्र हलकेच दाबल्यावर गुदद्वाराचा स्नायू आवळला गेला, तर त्रिक खंडांतील प्रतिक्षिप्त वर्तुळ शाबूत आहे असे समजले जाते.

वीर्यात होणारा बदल

वीर्य मिळाल्यावर दुसरी अडचण समोर येते. मेरुरज्जूच्या रुग्णांत शुक्राणूंची संख्या बहुधा पुरेशी असते, कधी भरपूरही असते. पण पोहणारे शुक्राणू थोडे आणि मृत शुक्राणू पुष्कळ आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार सर्वसाधारण पुरुषात हालचाल करणाऱ्या शुक्राणूंची संदर्भमर्यादा ४२ टक्के आहे. या रुग्णांत हा आकडा अनेकदा त्याच्या निम्म्यावरही पोहोचत नाही.

याचे कारण शोधताना प्रथम संशय व्हीलचेअरवर आला. दिवसभर मांड्या जवळ ठेवून बसल्याने वृषणांचे तापमान वाढत असणार, असा तर्क होता. तो सयुक्तिक असला तरी अपुरा ठरला, कारण वृषणकोशाच्या तापमानाचा आणि वीर्याच्या गुणवत्तेचा थेट संबंध मोजमापांत दिसला नाही. क्वचित स्खलन होत असल्याने शुक्राणू साठून जुने होतात, हेही एक कारण सुचवले गेले. वारंवार स्खलन घडवूनही चित्र फारसे पालटले नाही.

खरा धागा मिळाला तो शुक्राणू वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊन तपासल्यावर. त्याच रुग्णाच्या शुक्रवाहिनीतून काढलेले शुक्राणू स्खलित वीर्यातील शुक्राणूंपेक्षा कितीतरी अधिक चपळ निघाले. शिवाय निरोगी पुरुषाचे शुक्राणू रुग्णाच्या वीर्यद्रवात मिसळले की त्यांची हालचाल मंदावली. अर्थ असा की वृषणातून निघताना माल बराच चांगला असतो; शुक्राशय आणि प्रोस्टेट यांचा बदललेला स्राव वाटेत त्याला मारक ठरतो. या वीर्यात पांढऱ्या पेशींची गर्दी आणि दाह निर्माण करणारी प्रथिने अधिक प्रमाणात आढळतात. ग्रंथींचे मज्जातंतूंद्वारे होणारे नियमन बिघडल्याचा हा परिणाम मानला जातो.

काही रुग्णांचे वीर्य तपकिरी रंगाचे असते. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. हा रंगही शुक्राशयांच्या बदललेल्या कार्याशी जोडला जातो.

वीर्याची गुणवत्ता इजेनंतर दोन-तीन आठवड्यांतच घसरते. त्या काळात रुग्णाचा जीव वाचवण्याची धडपड चाललेली असते, त्यामुळे वीर्य गोठवून ठेवण्याची संधी प्रत्यक्षात क्वचितच मिळते. मात्र एकदा घसरलेली गुणवत्ता वर्षागणिक आणखी खालावत जात नाही. दहा वर्षांपूर्वी इजा झालेला पुरुष आणि दोन वर्षांपूर्वी इजा झालेला पुरुष यांच्या वीर्यात त्या कारणाने मोठा फरक पडत नाही. ‘आता फार उशीर झाला’ ही धास्ती म्हणूनच बव्हंशी निराधार आहे. पत्नीचे वय मात्र इतर कोणत्याही जोडप्याप्रमाणे येथेही निर्णायक असते.

वीर्य मिळवण्याच्या पद्धती

पहिली पसंती कंपनपद्धतीला दिली जाते. शिश्नाग्राच्या खालच्या बाजूला एक कंपन यंत्र काही मिनिटे टेकवतात. सुमारे २.५ मिलिमीटर आंदोलनाचा आणि दर सेकंदाला १०० वेळा होणारा थरकाप सर्वाधिक उपयोगी पडतो, असे १९९० च्या दशकातील संशोधनात दिसले. हा संदेश त्रिक खंडांतून वर चढून कटिभागातील केंद्राला जागे करतो आणि स्खलनाची प्रतिक्षिप्त क्रिया घडते. अर्थात त्यासाठी खालची केंद्रे शाबूत हवीत. इजा छातीच्या १०व्या खंडाच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर दहापैकी आठांहून अधिक पुरुषांत ही पद्धत यशस्वी होते. त्याखालच्या इजेत यश पाचापैकी एकाच्या आसपास येते. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकदा शिकून घेतल्यावर पात्र रुग्णांना ती घरीही वापरता येते.

कंपनाला दाद मिळाली नाही तर विद्युत उद्दीपनाचा मार्ग असतो. गुदाशयात एक विद्युतशलाका ठेवून प्रोस्टेट व शुक्राशयांजवळच्या मज्जातंतूंना सौम्य विद्युतप्रवाह दिला जातो. जवळजवळ सर्व रुग्णांत यातून वीर्य मिळते. ज्यांची संवेदना काही प्रमाणात शिल्लक आहे, त्यांना भूल द्यावी लागते. या पद्धतीत प्रतिगामी स्खलन पुष्कळदा होते; म्हणून मूत्राशय आधी रिकामे करून त्यात शुक्राणूंना मानवणारा द्रव भरतात व नंतर तोही गोळा करतात.

तिसरा मार्ग म्हणजे सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने अधिवृषणातून अथवा वृषणातून थेट शुक्राणू काढणे. यात मिळणारे शुक्राणू संख्येने थोडे असतात, त्यामुळे पुढे महागड्या प्रयोगशाळा-प्रक्रियेला पर्याय उरत नाही. अनेक वंध्यत्व केंद्रांत कंपन यंत्र नसते आणि म्हणून रुग्णाला सरळ या तिसऱ्या मार्गावर नेले जाते. वैद्यकीय तर्कानुसार क्रम याच्या उलट असायला हवा.

रक्तदाबाचा धोका

छातीच्या सहाव्या खंडाच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असलेल्या रुग्णाने वरीलपैकी कोणताही प्रयोग प्रथमच घरी करू नये. इजेखालील तीव्र उद्दीपनामुळे अशा रुग्णाचा रक्तदाब अचानक भयावह पातळीपर्यंत चढू शकतो. मेंदूला तो आवरण्यासाठी खाली संदेश पाठवता येत नाही. कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली व घाम, अंगावर काटा, नाडी मंदावणे ही त्याची लक्षणे होत. दुर्लक्ष केल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू ओढवू शकतो. लक्षणे दिसताच उद्दीपन थांबवावे आणि रुग्णाला बसते करावे. तुंबलेले मूत्राशय, बद्धकोष्ठ किंवा शय्याव्रण यांमुळेही हाच प्रकार होत असल्याने मेरुरज्जूच्या रुग्णांना त्याची ओळख असते. रुग्णालयात प्रक्रियेपूर्वी रक्तदाब उतरवणारे औषध देऊन धोका कमी करतात.

ताठरतेसाठी १९९८ पासून उपलब्ध झालेले सिल्डेनाफिल आणि त्या गटातील औषधे अनेक रुग्णांना उपयोगी पडतात. परंतु नायट्रेट गटातील औषधांबरोबर ती घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो, आणि वर सांगितलेल्या रक्तदाबाच्या झटक्यात काही ठिकाणी नायट्रेटच दिले जाते. म्हणून असे औषध घेतले असल्यास ते डॉक्टरांना स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. भीड येथे जिवावर बेतू शकते.

गर्भधारणेचे मार्ग

वीर्यात पुरेसे चपळ शुक्राणू असतील आणि पत्नीच्या तपासण्या समाधानकारक असतील, तर घरच्या घरी प्रयत्न करता येतो. कंपनाने मिळालेले वीर्य स्वच्छ भांड्यात घेऊन, बिनसुईच्या सिरिंजने बीजोत्सर्गाच्या दिवसांत योनीत सोडले जाते. हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय असूनही त्याची माहिती सर्वांत कमी लोकांना असते. त्यापुढची पायरी म्हणजे वीर्य धुऊन, चपळ शुक्राणू वेगळे करून ते गर्भाशयात सोडणे. वीर्यद्रव मारक असतो हे लक्षात घेता, तो काढून टाकण्याला या रुग्णांत दुहेरी महत्त्व आहे.

शुक्राणू फारच थोडे असतील तर शरीराबाहेर फलन करावे लागते. भारतातील टेस्ट ट्यूब बेबीच्या इतिहासात मुंबईचे स्थान मोठे आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात जन्मलेली मुलगी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळ येथील प्रजननविषयक संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या संयुक्त प्रयत्नांचे फलित होते. त्याआधी १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे यश मिळवले होते, पण त्याला मान्यता मिळायला फार काळ जावा लागला. मेरुरज्जूच्या रुग्णांसाठी खरे वळण आले ते १९९२ साली, ब्रसेल्समध्ये एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याचे तंत्र यशस्वी झाले तेव्हा. न पोहणारा पण जिवंत असा एक शुक्राणूही आता पुरेसा ठरू लागला.

पतीला मेरुरज्जूची इजा असलेल्या जोडप्यांवरील अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात, साहाय्य घेतलेल्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भधारणा झाल्याचे दिसते. शारीरिक इजा आनुवंशिक नसल्याने होणाऱ्या मुलाला पित्याची अवस्था वारशाने मिळत नाही. घरच्या मंडळींच्या मनात हा प्रश्न असतोच, म्हणून तो येथे नोंदवला आहे.

उपचारांचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा विषयच उपस्थित होत नव्हता, कारण रुग्ण जगत नसत. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी बहुतेकांचा अंत होई. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन यांच्या नेतृत्वाखाली मेरुरज्जूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि हे चित्र पालटले. पॅरालिम्पिक स्पर्धांचे मूळही त्याच रुग्णालयात आहे. रुग्ण दीर्घकाळ जगू लागल्यावर संसाराचा प्रश्न आला. विद्युत उद्दीपनाने वीर्य मिळवल्याची नोंद १९४८ ची आहे. गुटमन यांनी मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात औषध टोचून स्खलन घडवण्याचे प्रयोग केले, परंतु ते धोकादायक असल्याने मागे पडले. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी कंपन व विद्युत या दोन्ही पद्धती सुधारल्या. त्यांनीच १९८३ साली लास व्हेगास येथील परिषदेत औषध टोचून येणाऱ्या ताठरतेचे प्रात्यक्षिक स्वतःच्या शरीरावर, श्रोत्यांसमोर दाखवले. वैद्यकाच्या इतिहासातील हा बहुधा सर्वांत अवघडलेला प्रसंग असेल; उपचाराची दिशा मात्र त्याने बदलली.

मराठीत लैंगिक विषयांवर शास्त्रीय भाषेत लिहिण्याची परंपरा र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापर्यंत (१९२७–१९५३) मागे जाते. अपंग व्यक्तीच्या लैंगिक जीवनाविषयीचे मराठी लेखन मात्र आजही तुरळक आहे.

कायदेशीर बाजू

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या दहाव्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तींना प्रजनन व कुटुंबनियोजनाची योग्य माहिती मिळेल हे पाहण्याची जबाबदारी शासनावर आहे. ज्या वैद्यकीय प्रक्रियेने वंध्यत्व येते, ती व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीवाचून करण्यासही याच कलमाने मनाई आहे. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ नुसार अशा सेवा पुरुषाला वयाच्या २१ ते ५५ आणि स्त्रीला २१ ते ५० वर्षांदरम्यान घेता येतात.

माहितीच्या हक्कात गर्भनिरोधनाचाही समावेश होतो, हे बहुधा विसरले जाते. मेरुरज्जूच्या इजेनंतर मूल होणारच नाही असे समजून काळजी न घेणाऱ्या जोडप्यांत अनपेक्षित गर्भधारणा होऊ शकते. विशेषतः इजा अपूर्ण असेल आणि स्खलन अधूनमधून होत असेल, तर मूल नको असलेल्या काळात निरोध किंवा अन्य साधन वापरणे इतर कोणत्याही जोडप्याइतकेच आवश्यक असते.